'अचानक' या शब्दाच्या आधी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या हॉलमध्ये मी शेवटची बोलायला उभी राहिले ती वक्तृत्व स्पर्धेत. तिसऱ्याच वाक्याला गाडी अडकली आणि बाईंनी पहिल्या रांगेतून ओठ हलवून पुढचं वाक्य दिलं. आज धोका नको म्हणून कागद आणलाय.

संयोजकांनी मला विषय दिला होता, 'एआयमुळे आपल्या मुलांच्या नोकऱ्यांचं काय होणार?' मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून. त्याचं प्रामाणिक उत्तर 'मलाही माहीत नाही' असं आहे आणि ते सांगायला वीस मिनिटं लागत नाहीत. म्हणून विषय बदलून मागितला. मी दादाबद्दल बोलणार आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना दादा आठवतो. आपल्या तीन वर्षं पुढे होता. हॉलबाहेरच्या लाकडी फलकावर १९९३ पुढे त्याचं नाव पांढऱ्या रंगात आजही आहे, दहावीत शाळेत पहिला. सकाळी गेटवर तिघांनी विचारलं, "दादा काय करतो हल्ली?" या प्रश्नाला मी वीस वर्षं एकच उत्तर देत आले, "पुण्याला असतो." उत्तर खोटं नाही, पण पुरंही नाही.

दादाला स्किझोफ्रेनिया आहे. एमएस्सी झाल्यावर, २००१ साली, चोविसाव्या वर्षी सुरू झाला. आधी झोप गेली, मग बोलणं कमी झालं, मग कुणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले. आम्ही आधी उपास केले, मग पत्रिका दाखवली, मग डॉक्टर. क्रम चुकला, पण बहुतेक घरांत तो असाच चुकतो.

हे इथे सांगू का, असं मी परवा त्याला विचारलं. तो म्हणाला, "सांग. पण मला बिचारा करू नकोस. आणि घड्याळाचं नक्की सांग." घड्याळाकडे येतेच.

२००५ साली दादाला पहिल्यांदा रुग्णालयात ठेवावं लागलं. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका रुग्णालयाचा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आई भेटायला गेलो, तेव्हा त्याचे दोन्ही हात कॉटच्या कडांना बांधलेले होते. तो गुंगीत होता. मनगटांवर वळ होते. आई काही बोलली नाही. पदरानं त्याच्या तोंडाची लाळ पुसत राहिली. मी टेबलापाशी जाऊन विचारलं, तर केसपेपर दाखवला. त्यात एक ओळ होती, "रुग्ण रात्री अचानक आक्रमक झाला."

मला तेव्हा नोकरीला लागून जेमतेम पाच वर्षं झाली होती. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात. रात्री तीनला सर्व्हर बंद पडतो. सकाळी नवा मुलगा सांगतो, "मॅडम, अचानक पडला." मग त्याला म्हणायचं, "लॉग काढ." लॉग म्हणजे यंत्रानं स्वतःच लिहून ठेवलेली रोजनिशी. ती उघडली की दिसतं, सर्व्हर तीनला पडला खरा, पण रात्री अकरापासून तो कुरकुरत होता. तेव्हा कुणी वाचलं नाही, एवढंच.

मग मी त्या रात्रीचा लॉग काढला. काही दादाकडून, काही शेजारच्या कॉटवरच्या काकांकडून, काही तिथल्या एका मामांकडून. तो असा:

संध्याकाळी पाचला भेटीची वेळ संपली, आई घरी गेली. साडेसातला दादानं घरी फोन लावायला मागितला. आई नीट पोचली का, एवढंच विचारायचं होतं. उत्तर मिळालं, "नंतर." आठला पुन्हा विचारलं. "सांगितलं ना, नंतर." साडेआठला पाळी बदलली. नव्या पाळीला फोनचं काही ठाऊक नव्हतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर, "जागेवर जाऊन बस बघू." तो तिथेच उभा राहिला. मागून कुणीतरी दंडाला धरून ओढलं. त्यानं वळून हात फिरवला, तो मामांच्या ओठावर बसला. मग चौघं, इंजेक्शन, पट्टे.

केसपेपरवर आलं ते फक्त शेवटच्या एका मिनिटाचं. आधीचा तास कुठेच नव्हता.

इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगते. पहिली, मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणाला मारत नाहीत. उलट त्यांनाच मार बसण्याची, फसवलं जाण्याची शक्यता जास्त असते. दुसरी, ज्या मामांच्या ओठाला टाके पडले तेही कुणाचे तरी वडील होते. तीस रुग्णांना एक सिस्टर आणि दोन मामा, हा हिशेब त्यांनी केलेला नव्हता. समोरचा माणूस भडकला तर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. धरायचं कसं तेवढं माहीत होतं. राग मला त्या रात्री आला होता, आज तसा येत नाही. आज वाटतं, शिकवलं असतं तर दोघंही वाचले असते.

हे शिकवता येतं, हे मला २०१९ साली कळलं.

मधली वर्षं बरी गेली होती. दादा गोळ्या घेत होता, शिकवण्या घेत होता. मग आई गेली, गोळ्या चुकल्या आणि पुन्हा ठेवावं लागलं. या वेळी एका मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार वॉर्डात, जिथे दिवसा नातेवाइकांना सोबत थांबता यायचं. दाखल करताना त्याचं स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. असल्या वॉर्डात धातूच्या वस्तू ठेवत नाहीत. मी ते पर्समध्ये टाकलं आणि विसरले. ते घड्याळ आमच्या बाबांचं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहा घेऊन आले, तर वॉर्डाच्या मध्यभागी दादा सलाइनचा स्टँड दोन्ही हातांनी उचलून उभा. "वेळ बदलताय तुम्ही! रात्र लांब करताय!" सगळे उठून बघत होते. एक वॉर्डबॉय पुढे सरकत होता. माझ्या डोळ्यांपुढे २००५ ची सकाळ आली.

तेवढ्यात इन्चार्ज सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या. त्यांनी पुढच्या काही मिनिटांत काय केलं ते मी क्रमानं सांगते, कारण मी ते नंतर घरी जाऊन वहीत उतरवून काढलं होतं.

आधी त्यांनी वॉर्डबॉयला हातानं मागे थांबवलं. जवळच थांब, पण पुढे येऊ नको. मग बाकीच्या रुग्णांना मावशींबरोबर व्हरांड्यात पाठवलं. बघे कमी झाले. मग त्या दादाच्या अगदी समोर नाही, जरा तिरक्या उभ्या राहिल्या, दोन हातांचं अंतर ठेवून. दाराकडची वाट मोकळी ठेवली, स्वतःलाही आणि त्यालाही. दोन्ही हात उघडे, दिसतील असे.

मग बोलल्या. एकट्या त्याच बोलल्या, दुसरं कुणी नाही. दादाचं नाव घेतलं, 'अहो'जाहो केलं. "मी इथली सिस्टर. तुम्हाला इथे कुणी मारणार नाही. काय झालं, मला सांगा." आणि गप्प राहिल्या. ती शांतता मला सहन होईना, मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे न बघता बोट ओठांवर ठेवलं.

दादा पुन्हा ओरडला, वेळ बदलताय. मी घरी असते तर लगेच वाद घातला असता, "अरे वेळ कशी बदलेल, फिजिक्स शिकलास ना तू?" हे मी अठरा वर्षं केलंय, एकदाही उपयोग झाला नाही. सिस्टर म्हणाल्या, "मी वेळ बदललेली नाही. पण घड्याळ नसलं की रात्र लांब वाटते, हे मात्र खरं आहे." त्यांनी त्याच्या भासाला हो म्हटलं नाही आणि त्याला खोटंही पाडलं नाही. त्याच्या बोलण्यात जेवढं खरं होतं, तेवढं उचललं.

दादाचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "माझं घड्याळ घेतलं."

मी पर्सकडे हात नेला. सिस्टरांनी मान हलवून नको म्हटलं. "घड्याळ तुमच्या बहिणीकडे आहे, सुखरूप आहे. ते वॉर्डात देता येत नाही, तो नियम मला मोडता येणार नाही. पण वेळ कळायला हवी, हे तुमचं बरोबर आहे. तुमच्या कॉटसमोर भिंतीवर घड्याळ लावून देऊ, की रात्री दर तासाला सिस्टर येऊन वेळ सांगतील?"

दादा विचार करू लागला. विचार करता करता स्टँडचं खालचं टोक जमिनीला टेकलं. "भिंतीवर."

"ठीक. आज रात्रीच लावते. तोवर चहा घेणार की पाणी?"

त्यानं चहा घेतला. स्टँड वॉर्डबॉयनं सावकाश उचलून नेला. मग सिस्टरांनी विचारलं, डॉक्टरांनी लिहिलेलं औषध गोळीनं घेणार की पातळ. पातळ घेतलं. सगळं मिळून बारा मिनिटं. नऊ वाजता ऑफिसमधलं घड्याळ काढून कॉटसमोर टांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा आल्या आणि खुर्ची ओढून दादाजवळ बसल्या. "काल तुम्हाला आधी कधी अस्वस्थ वाटायला लागलं? आम्ही तेव्हा काय करायला हवं होतं?" आम्हाला सर्व्हर सुरू झाल्यावर असली बैठक घ्यायची सवय असते. माणसासाठी कुणी घेताना मी पहिल्यांदा पाहिली. आधल्या रात्री दादानं दोनदा वेळ विचारली होती आणि दोन्ही वेळा "झोपा आता" असं उत्तर मिळालं होतं, हे तिथे कळलं. सिस्टरांनी ते वहीत लिहून घेतलं.

मी त्यांना विचारलं, कुठे शिकलात? म्हणाल्या, "थोडं ट्रेनिंगमध्ये. बाकी मार खाऊन. तरुणपणी मीही ओरडायचे. मी ओरडले की तो ओरडायचा. मग लक्षात आलं, आधी मलाच शांत व्हायला लागतं."

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले. सिस्टरांनी केलं ते सगळं लिहून ठेवलेलं आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या तातडीच्या मानसोपचारातल्या डॉक्टरांच्या संघटनेनं भडकलेल्या रुग्णाशी कसं बोलावं याची दहा सूत्रं प्रसिद्ध केली. अंतर राखा, चिथावू नका, एकानंच बोला, थोडक्यात बोला आणि पुन्हा पुन्हा बोला, त्याला काय हवंय ते शोधा, नीट ऐका, पटेल तेवढं मान्य करा, मर्यादा स्पष्ट सांगा, पर्याय द्या, आणि शेवटी रुग्णाशी नि कर्मचाऱ्यांशी झाल्या प्रकाराबद्दल बोला. पर्याय म्हणून काय द्यावं याची उदाहरणंही आहेत: पांघरूण, मासिक, खायला-प्यायला काही, आणि फोन करू देणं. 'फोन' या शब्दाशी मी बराच वेळ थांबले.

दुसरं काम लंडनचं. लेन बॉवर्स नावाच्या नर्सिंगच्या प्राध्यापकांनी 'सेफवॉर्ड्स' नावाची पद्धत बसवली. त्यांचं म्हणणं, वॉर्डात ठिणग्या पडायच्या जागा ठरलेल्या असतात. नकार, वाट बघायला लावणं, वाईट बातमी, घरची आठवण, कंटाळा. तिथेच काम करा. त्यांचे दहा उपाय वाचले तर वाटतं, यात काय विशेष? नकार द्यायचा तर कोणत्या शब्दांत द्यायचा. वाईट बातमी आली तर रुग्णाला एकटं सोडायचं नाही. पाळी बदलताना रुग्णाबद्दल काहीतरी चांगलं सांगायचं. रुग्ण आणि कर्मचारी यांनी एकमेकांना कुठलं गाणं, कुठला खेळ आवडतो ते माहीत करून घ्यायचं. बरा होऊन घरी जाणाऱ्यानं मागच्यांसाठी चार ओळी लिहून भिंतीवर लावायच्या. हे इंग्लंडमधल्या १५ रुग्णालयांच्या ३१ वॉर्डांत तपासलं. २०१५ साली निकाल छापला. ज्या वॉर्डांत हे केलं तिथे, न केलेल्यांच्या तुलनेत, भांडणं-मारामाऱ्यांसारखे प्रकार १५ टक्क्यांनी आणि बांधणं, कोंडणं, जबरदस्तीनं औषध देणं असे प्रकार २६ टक्क्यांनी कमी झाले. जादू नाही. सगळं थांबलं असंही नाही. कधी कधी धरावं लागतंच. पण चारातली एक वेळ टळली, आणि ती वेळ तुमच्या भावाची असू शकते.

आपल्याकडे कायदाही आहे. तामिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ ला एका आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. त्यांना पळता आलं नाही. दादाचा आजार सुरू झाला तेच वर्ष. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्यात साखळ्या आणि एकांतात कोंडणं यांना पूर्ण बंदी आहे. बांधायचं तर तात्काळ इजा टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं आणि गरजेपुरताच वेळ. कारण लिहायला हवं. शिक्षा म्हणून बांधायचं नाही. माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. आणि रुग्णानं नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांच्या आत कळवायचं. तुमच्या घरातलं कुणी दाखल असेल तर हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. भांडू नका, पण विचारा.

कायदा रुग्णालयाला सांगितला, आता माझं सांगते. २००४ साली, आई गावाला गेली असताना, दादा रात्रभर येरझाऱ्या घालत होता. मला सकाळी डेडलाइन होती. मी त्याच्या खोलीला बाहेरून कडी लावली आणि कानात बोळे घालून काम केलं. दोन तासांनी त्यानं दार फोडलं. मी सगळ्यांना काय सांगितलं असेल? "अचानक भडकला." म्हणून त्या केसपेपरवरच्या ओळीला हसायचा मला अधिकार नाही.

वॉर्डातलं ते सगळं बघताना मला सारखं वाटत होतं, हे आपण आधी कुठेतरी पाहिलंय. आठवायला दोन दिवस लागले. नववी 'ब'. आपल्यातल्या एकानं छडी खाल्ल्यावर खिडकीची काच फोडली आणि काचेचा तुकडा हातात धरून कोपऱ्यात उभा राहिला होता. नाव घेत नाही, तो मागे बसून हसतोय. शिपाईकाका धावले होते. बाईंनी त्यांना दाराशीच थांबवलं, आम्हा पन्नास जणांना ग्राउंडवर पिटाळलं आणि स्वतः दोन बाक सोडून बसल्या. आम्ही खिडकीतून डोकावलो, तर बाई गप्प बसलेल्या. मग त्यांनी विचारलं, "जेवलास का?" तास संपायच्या आत दोघं बाहेर आले. बाईंनी रुमाल त्याच्या हाताला बांधला होता.

बाई, तुम्ही त्या दिवशी काय बोललात ते त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही. पण कसं बोललात ते आज मला समजतं.

दादा आता बरा आहे. औषधं रोज आहेत, कायम राहतील. आम्ही दोघांनी मिळून एक कागद केलाय. नव्या कायद्यानं माणसाला आपल्यावर उपचार कसे व्हावेत हे आधी लिहून ठेवता येतं, त्यावरून सुचलं. डॉक्टरांकडे त्याची प्रत आहे. दादाच्या अक्षरात पाच ओळी आहेत: समोर घड्याळ असू द्या. मागून हात लावू नका. इंजेक्शन देण्याआधी सांगा. बहिणीला फोन करू द्या. मी दोनदा तेच विचारलं तर तिसऱ्यांदा विचारायची वेळ आणू नका.

शेवटची ओळ मी माझ्या टीमला दाखवली, आणि घरी माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीनं माझ्यावर वापरली.

तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही. घरात, शेजारात, नात्यात असं कुणी असेल तर लपवू नका. कुठे विचारावं कळत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ हा नंबर, मराठीतही बोलता येतं. आणि कुणी भडकलं तर आधी स्वतःचा आवाज खाली आणा, बघे हटवा, आणि त्यानं गेल्या तासात काय मागितलं होतं ते आठवा. बहुतेक वेळा ते फार छोटं असतं.

आणि पुढच्या वेळी दादाबद्दल मला विचारू नका. तो आलाय. तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ. बाबांचं घड्याळ त्याच्या हातात आहे आणि माझी वीस मिनिटं झाली असं तो कधीपासून खुणावतोय. चहाला त्यालाच गाठा, आणि फलकावरच्या नावाबद्दल नका विचारू, त्याच्या शिकवणीतल्या पोरांबद्दल विचारा. मग तो थांबणार नाही.